जादा वेळ

"संयुक्त विजेते!" श्यामसुंदर साहेबांनी मैदानाच्या मधोमध उभं राहून जाहीर केलं. "दोन्ही संघ जिंकले. चला, टाळ्या!"

टाळी कुणीच वाजवली नाही. महिला फुटबॉल लीगचा अंतिम सामना नव्वद मिनिटांनंतर एक-एक असा बरोबरीत थांबला होता. अंधेरीच्या त्या गवतावर मुली जिथं होत्या तिथंच पडून पोटऱ्या चोळत होत्या, डोक्यावर पाणी ओतून घेत होत्या. आता जादा वेळ खेळायचा, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

"साहेब, मॅच अजून बाकी आहे," मुंबईची कप्तान मानसी परब म्हणाली.

"साडेसातला सिनेमावाल्यांची मॅच आहे, बेटा. टीव्हीवर लाइव्ह. स्टेज लावायचंय, गालिचा टाकायचाय." लीगचे सचिव असले तरी साहेब असे बोलत होते जणू लग्नघरात पंगत उठवतायत. "कप सहा महिने तुमच्याकडे, सहा महिने कोल्हापूरकडे. झकास ना?"

कडेला चार माणसं गालिच्याची गुंडाळी खांद्यावर घेऊन उभीच होती.

मानसीनं मागे पाहिलं. गोलकीपर शकुताई लंगडत तिच्याजवळ आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "घे ना गं. अर्धा तर अर्धा. माझी शेवटची मॅच आहे. हा गुडघा आता नाही चालत."

विक्रोळीच्या मैदानावर मानसी घाबरत पहिल्यांदा आली तेव्हा याच शकुताईनं तिला हाताला धरून आत नेलं होतं. इतकी वर्षं ही बाई मुंबईच्या गोलमध्ये उभी राहिली, आणि कपाला तिचा हात एकदाही लागला नव्हता.

"ताई, सिनेमावाल्यांची मॅच अशी बरोबरीत असती, तर त्यांना उठवलं असतं का गं?"

शकुताई वळली आणि आपल्या गोलच्या खांबाकडे चालू लागली.

तेवढ्यात कोल्हापूरची कप्तान शीतल आली. तिच्या भुवईवर पट्टी होती. ती जखम मानसीच्याच कोपराची. दुपारपासून दोघी एकमेकींच्या अंगावर जात होत्या.

"काय म्हणत्यात गं हे?"

"आपण दोघी जिंकलो म्हणे."

"आस्सं व्हय? मला तर कळलंच न्हाई." शीतलनं चेंडू मधल्या ठिपक्यावर ठेवला आणि ती त्यावर ऐसपैस बसली. "बॉल हितं हाय. उचला म्हणावं."

मानसी तिच्या शेजारी गवतात मांडी घालून बसली. मग एकेक करून बाकीच्या आल्या. निळे आणि भगवे टीशर्ट एकमेकांत मिसळून बसले. गालिचा टाकायला जागाच उरली नाही.

साहेबांचा चेहरा लाल झाला. ते रेफ्री श्वेता मॅडमकडे वळले. "मॅडम, शिट्टी वाजवा आणि संपवा हा तमाशा."

श्वेता मॅडमनी घड्याळात पाहिलं. "संपवायची शिट्टी निकाल लागल्यावर वाजते, साहेब. ती गालिचावाली माणसं तेवढी रेषेच्या बाहेर घ्या." आणि त्यांनी खेळ सुरू करायची शिट्टी वाजवली.

शीतल चेंडूवरून उठली. "ऊठ, आता तुला बघतेच."

"ये ना, बघ," मानसी म्हणाली.

साहेबांनी दिवे लावू दिले नाहीत. संध्याकाळच्या उरल्यासुरल्या उजेडात पोरी खेळल्या. स्टँडमध्ये नटांचे फोटो घेऊन आलेली गर्दी आधी मोबाईलमध्ये डोकं घालून बसली होती. मानसीचा फटका खांबाला थडकला तेव्हा तिथून पहिल्यांदा ओरडा उठला, आणि मग तो थांबला नाही.

खेळ संपायला थोडाच वेळ उरलेला असताना कोल्हापूरला कॉर्नर मिळाला. चेंडू उंच आला. मानसीनं शीतलबरोबरच उडी घेतली, पण शीतलचा खांदा आपल्याहून वर, आणखी वर गेलेला तिला जाणवला. चेंडू शीतलच्या डोक्यावर ठण्णकन आदळला. शकुताई झेपावली. तिच्या बोटांच्या टोकांना घासून चेंडू जाळ्यात गेला.

दोन-एक.

मानसीनं जाळ्यातून चेंडू काढला. शकुताईकडे तिनं पाहिलं नाही, पाहवलंच नाही. उरलेला वेळ ती नुसती धावत राहिली, आणि शिट्टी वाजली तशी गुडघ्यांवर कोसळली. पलीकडे कोल्हापूरच्या पोरी एकमेकींच्या अंगावर ढीग करून किंचाळत होत्या.

समोर पॉलिश केलेले बूट येऊन थांबले. "बघितलंस?" श्यामसुंदर साहेब म्हणाले. "ऐकलं असतंस तर आत्ता कप तुझ्या हातात असता. काय मिळवलंस हट्ट करून?"

साहेबांच्या पाठीमागून शकुताई लंगडत येताना दिसली. दातांनी हातमोजा ओढत होती. आता ही बोलेल, मानसीला वाटलं. जे बोलेल ते ऐकून घ्यायचं. तिचा हक्कच आहे.

शकुताईनं हात पुढे केला आणि मानसीला हिसका देऊन उभं केलं. मग साहेबांकडे वळली.

"साहेब, जरा बाजूला व्हा. त्या पोरी जिंकल्यात. आम्हाला टाळ्या वाजवायच्यात, आणि तुम्ही मध्येच उभे आहात."