सगळ्यात चांगला निकाल

शिवणकाम करणाऱ्या मावशींचं त्वचेच्या कॅन्सरपायी अर्धं नाक कापून काढलं, त्याला पाच वर्षं झाली. संशोधनासाठी आज हॉस्पिटलातून नर्सचा फोन आला.

"मावशी, लोक चेहऱ्याकडे टक लावून बघतात का?"

"नाही गं."

"कुणी टोचून बोलतं?"

"छे, अवाक्षरही नाही."

"चारचौघांत कधी लाजल्यासारखं झालं?"

"पाच वर्षांत एकदाही नाही."

खूश होऊन डॉक्टरांनीच फोन घेतला. "मावशी, अख्ख्या अभ्यासात तुमचा निकाल सगळ्यात चांगला!"

मावशींनी त्यांचे आभार मानले आणि फोन ठेवला.



तेवढ्यात रोजच्यासारखं मावशींच्या खोलीच्या बंद दाराबाहेर ताट टेकवत सून म्हणाली, "आई, पोरं आत गेली की मगच दार उघडा हं, घाबरतात ती तुम्हाला बघून."