बिनकांद्याचा रॅप

बरणी उघडली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. साल्सात कांदा! टोमॅटोइतकाच कांदा, बारीक चिरलेला, गचागच भरलेला.

लेक कांदा खात नाही. एवढासा दिसला तरी ताट सरकवते, भोकाड पसरते. वर्षानुवर्षं जहाजावर इंजिनं सांभाळताना लेकीबद्दलची ही एकच गोष्ट त्याने पक्की लक्षात ठेवली होती. बाकी त्याला माहीत तरी काय होतं?

आता ती बारा वर्षांची होती आणि दाराजवळच्या खुर्चीत अवघडून बसली होती. पायात बूट तसेच, पाठीला बॅग तशीच. तिची आई खाली गाडीत थांबली होती. तिने निक्षून सांगितलं होतं, "एक तास बघू. पोरीला करमलं तर दर रविवारी पाठवीन. नाही तर विषय संपला."

"शाळा काय म्हणते?" "बरी आहे." झालं, तिथेच बोलणं आटपलं. म्हणून तर त्याने हा रॅपचा घाट घातला. चुटकीसरशी होणारं काम! पोळी गरम करायची, त्यात राजमा, मक्याचे दाणे, ढोबळी मिरची, वर साल्सा नि चीज. गुंडाळलं की झालं.

पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. त्याने साल्सा ताटलीत पसरला आणि काट्याने कांदा वेचून वाटीत टाकायला लागला. हात पान्याला सरावलेले. एक तुकडा निघायचा, दोन टोमॅटोत दडून बसायचे. तव्यावरची पोळी करपली. दुसरी भरताना फाटली, चीज ओघळलं. आता आपल्याला रडू कोसळणार, असं त्याला वाटलं. लेक टक लावून बघत होती.

खाली हॉर्न वाजला.

"राहू द्या," ती उठत म्हणाली. "आई थांबलीये."

"दोनच मिनिटं, बाळा! एवढाच कांदा राहिलाय. तुला चालत नाही ना, मला ठाऊक आहे..." काटा न थांबवता तो म्हणाला.

ती दारापर्यंत गेली. संपला विषय. त्याने कपाळाला हात लावला.

पाठीवरची बॅग दाराशी ठेवून ती परत आली. फाटका रॅप उचलून तिने वाटीतला सगळा कांदा त्यात ओतला आणि भला मोठा घास घेतला.

"मी कधीपासून खाते कांदा," ती भरल्या तोंडाने म्हणाली. "पुढच्या रविवारी वेचत बसू नकोस, बाबा."