डेल्फीन ओरडेना

चर्चच्या तळघरात बिंगो रंगला होता. आमच्या डेल्फीनच्या कार्डावरची आकड्यांची ओळ भरली, तरी बाई 'बिंगो!' म्हणून ओरडेना! शेजारच्या इर्माने बघितलं तर ओठ एका बाजूला लोंबलेला, उजवा हात उचलेना, बोलणं बोबडं.

"अगं, हिला लकवा मारतोय! खेळ गेला खड्ड्यात, ॲम्ब्युलन्स बोलवा!"

दवाखान्यात लगोलग औषध दिलं. डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंत म्हणून जगली. आता बोलणं परत येतं का बघू. पण तुम्हाला इतक्या लवकर कळलं कसं हो?"

"हिच्या कार्डावर माझा डोळाच असतो," इर्मा म्हणाली. "लबाडी करते मेली."

 

खाटेवरून खणखणीत आवाज आला, "लबाड तू! मागच्या खेपेला केक कसा जिंकलीस, सांगू का सगळ्यांना?"