बिनसाखरेची चॉकलेटं

गॅसवरच्या पातेल्यात पाणी उकळत होतं. त्यावर ठेवलेल्या काचेच्या भांड्यात सुचेताबाई वितळतं चॉकलेट ढवळत होत्या. ओट्यावर भाजलेल्या बदामांचे काप आणि फुलांच्या आकाराचे रबरी साचे मांडून ठेवले होते. शनिवारची दुपार होती. जेवणाच्या टेबलाशी त्यांची सून सोनम लॅपटॉप उघडून बसली होती.

निहार पाणी प्यायला स्वयंपाकघरात आला.

"हे काय, आई?"

"उद्या मडिकेरीला न्यायला."

तो हसला. "मडिकेरीला? अगं, तिथे गल्लोगल्ली होममेड चॉकलेटची दुकानं आहेत. ऊटीला चहा नेण्यासारखं झालं हे."

"तिथली गोड असतात."

"चॉकलेट गोडच असतं, आई." त्याने फ्रीजमध्ये थंड झालेल्या पहिल्या घाण्यातलं एक उचलून तोंडात टाकलं आणि तोंड वाकडं केलं. "ईऽ, कडू झालंय. साखर विसरलीस."

"विसरले नाही. त्यांना चालत नाही."

सुचेताबाई हे सहज बोलून गेल्या. मग त्यांचा हात थांबला.

निहारही थांबला. नाव न घेता नुसतं 'त्यांना' असं आई एकाच माणसाबद्दल म्हणायची. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

"कुणाला?"

त्यांनी गॅस बंद केला. चमचा ताटलीत ठेवला.

"वासुदेव म्हणून आहेत. त्यांची मुलगी आपल्याच बिल्डिंगमध्ये राहते. गेल्या वर्षी डोळ्याच्या ऑपरेशनला इथे बेंगळुरूला आले होते तिच्याकडे. तळ्यावर फिरताना ओळख झाली. मूळचे बेळगावचे. मडिकेरीजवळ कॉफीच्या मळ्यावर मॅनेजर होते, रिटायर झाल्यावर तिथेच राहिले. एकटे असतात."

"म्हणजे महिला मंडळाची ट्रिप म्हणाली होतीस, ती..."

"ट्रिप नाहीच. मी एकटी चाललेय."

लॅपटॉपवरचा टकटकाट बंद झाला होता. निहारने वळून बायकोकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं?"

"साचे मीच मागवले," सोनम म्हणाली.

तो बाल्कनीत जाऊन उभा राहिला. सुचेताबाईंनी उरलेलं चॉकलेट साच्यांत ओतलं. थोडं ओट्यावर सांडलं. पुसून काढलं. साचे फ्रीजमध्ये ठेवून त्या तिथेच, फ्रीजच्या दाराला हात लावून उभ्या राहिल्या.

बऱ्याच वेळाने तो आत आला.

"बसमध्ये वितळतील ती," तो म्हणाला. "गाडीने जाऊ. मी सोडतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर दोघं निघाले. म्हैसूर गेलं. कुशालनगरच्या पुढे घाट लागला, काच खाली केल्यावर गारवा आत आला. डबा सुचेताबाईंनी मांडीवरच धरला होता. मागे ठेव, असं निहार दोनदा म्हणाला. त्यांनी ठेवला नाही.

वासुदेव फाटकाशी उभे होते. उंच, किंचित वाकलेले, अंगात घरी विणलेला स्वेटर.

"या की. घाटात धुकं लागलं काय?" ते निहारला म्हणाले. "बसनं येतो म्हणत होत्या. बरं केलासा, गाडी काढलासा."

घर लहान आणि नीटनेटकं होतं. निहार खोट काढायचीच म्हणून सगळीकडे बघत होता. भिंतीवर वासुदेवांच्या बायकोचा फोटो होता, त्याला ताजा हार होता. सुचेताबाईंनी चपला काढल्या आणि आधी त्या फोटोला नमस्कार केला. मग डबा पुढे केला. वासुदेवांनी तो दोन्ही हातांनी घेतला. फ्रीज उघडला, दुधाचं पातेलं एका बाजूला सरकवलं आणि डब्याला जागा केली.

जेवण झाल्यावर तिघं गावात फिरायला निघाले. उताराचे रस्ते, लाल कौलांची घरं, जिकडेतिकडे कॉफीचा वास. दरीच्या कडेच्या बागेत खूप गर्दी होती. खाली जायला दगडी पायऱ्या होत्या.

"तुम्ही पुढे व्हा," निहार म्हणाला. "मी इथेच थांबतो."

वरून त्याला दोघं दिसत होते. आईला पायऱ्या उतरताना इतका त्रास होतो, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. घरी लिफ्ट होती. ती दर पायरीवर दोन्ही पाय टेकवत होती. वासुदेव एक पायरी पुढे उतरत, आडवे होऊन थांबत, आणि तिचे पाय टेकल्यावर पुढची पायरी उतरत. हात पुढे करत नव्हते. पण तिचा हात आपोआप त्यांच्या खांद्यावर जात होता. मध्येच ते काहीतरी म्हणाले आणि ती पायरीवरच थांबून मोठ्याने हसली. तो आवाज वरपर्यंत आला.

बागेच्या फाटकाशी एक म्हातारी टोपलीत संत्री घेऊन बसली होती. निहारने बोटांनी एक किलो दाखवलं. ती तराजू उचलता उचलता त्याच्याकडे, मग खाली पायऱ्यांकडे बघू लागली. बोटाने दोघांना दाखवत तिने विचारलं, "अप्पा? अम्मा?"

आठ वर्षं बेंगळुरूत काढूनही निहारला 'कन्नड गोत्तिल्ला', कन्नड येत नाही, एवढंच नीट म्हणता यायचं. ते त्याच्या ओठांवर आलंही.

"अम्मा," तो म्हणाला.

म्हातारी तराजू धरून तशीच बघत राहिली. बोट अजून वासुदेवांकडेच होतं.

निहारने पायऱ्यांकडे पाहिलं. मग हळूच होकाराची मान हलवली.

म्हातारी हसली. तोलून झालेल्या संत्र्यांवर तिने आणखी एक संत्रं टाकलं.