नाव घेते

आमच्या धरणग्रस्त गावाच्या संग्रहालयाचं दुसऱ्या दिवशी उद्घाटन होतं. माळावर येऊन पहिली विहीर खणणाऱ्यांच्या फोटोखाली मी नावं लिहीत होते. एकाचा चेहरा फेट्याच्या सावलीत होता. गावभर विचारून थकले आणि शेवटी वैतागून लिहिलं, ‘अनोळखी’.

तेवढ्यात लेकीच्या गावाहून उद्घाटनासाठी आलेल्या एक आजी फोटोपाशी थबकल्या. “अनोळखी कसले? पहार डाव्या हातात धरलीय बघ. आमचे मालक हायत ते!”

मी झटकन पेन उचललं. “नाव काय त्यांचं?”

आजी पदराआड हसल्या. “नवऱ्याचं नाव कुठं घेत्यात व्हय?”

“मग उखाण्यात घ्या, पण घ्या!”

आजींनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

“धरणात बुडालं गाव, माळावर पिकली ज्वारी,
हैबतरावांचं नाव घेते म्युझियमच्या दारी!”

मी ‘अनोळखी’ खोडून ‘हैबतराव’ लिहिलं. आजींनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि हुश्श केलं.

“बरं झालं, बाई. नायतर वर गेल्यावर डाफरलेच असते, ‘तू असताना मी अनोळखी कसा?’”