सांध्याखालची फूट

चैत्रात कधी नव्हे ते हिम पडलं आणि परसातल्या मिरच्या, गुलाब, सगळं काळं पडलं. रोहिणी तेव्हा कामासाठी परगावी होती. तीन आठवड्यांनी परतली ती बॅग ओट्यावर टाकून थेट लेकीच्या, शाल्मलीच्या, झाडापाशी गेली. सात वर्षांच्या शाल्मलीच्या रक्ताशी जुळवून दवाखान्याने ते कलम दिलं होतं. रोज त्याची तीन पानं खाल्ली की तिची साखर ताब्यात राहायची. इंजेक्शनं बंद होऊन आता तीन वर्षं झाली होती.

"जळकं सगळं छाटलं, गारठू नये म्हणून बुंध्याला मातीची भर घातली," सासरे कौतुकाने म्हणाले. "बघ कशी हिरवीगार फूट आलीय! वाळवलेली पानं परवा संपली, तेव्हापासून हीच देतोय."

रोहिणीने गुडघ्यांवर बसून हातांनी माती उकरली. फूट कलमाच्या सांध्याखालून, ज्यावर कलम बांधलं होतं त्या खुंटातून आली होती. तिने सांध्याच्या वर नखाने साल खरवडली. आत सगळं तपकिरी, कोरडं होतं.

"आप्पा, कलम मेलंय. ही फूट रानटी खुंटाची आहे."

"अगं, पण पानं तर तशीच दिसतात..." आप्पांनी एक पान खुडून उलटसुलट करून पाहिलं.

"शाल्मली कशी आहे?"

"खेळतेय की. काल जरा मरगळली होती."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून शाल्मलीची हाक आली.

"आजोबा, माठातलं पाणी संपलं. मला अजून तहान लागलीय."