चौथं नाव

काडकन काहीतरी मोडलं. भाजलेला पापड मोडावा तसं. बाळ नुकतंच झोपलं होतं. नंदिनी तशीच शेजारच्या फ्लॅटमध्ये धावली, मागोमाग कांजिण्यांमुळे शाळा बुडालेली लेक उर्जा.

मारिविकच्या बाल्कनीत इमारतीची देखभाल करणारा जर्मन हाउसमाइस्टर कात्रीने दोरे कापत होता. लाल, हिरव्या, पिवळ्या फेण्या कचऱ्याच्या पिशवीत पडत होत्या. मारिविक भिंतीला टेकून उभी होती. अंगात अजून रात्रपाळीचे नर्सचे कपडे.

फिलिपिन्समधल्या तिच्या गावात आज सुगीचा सण. संत इसिद्रोची मिरवणूक ज्या रस्त्याने जाईल, तिथली घरं भाताच्या लोंब्या, भाज्या आणि पानांच्या आकाराच्या या फेण्यांनी मढवतात. रस्ता दरवर्षी बदलतो. यंदा मारिविकच्या गल्लीची पाळी होती. पण आई जानेवारीत गेली, घराला कुलूप. "आमचंच दार उघडंबोडकं दिसणार गं," ती म्हणाली होती. म्हणून इथली बाल्कनी. दहाला मिरवणूक तिच्या दारात पोचली की मावसबहीण फोन लावणार होती.

दोन आठवडे दोघी राबल्या होत्या. तांदळाचं पीठ अंगणातल्या लिंडेन झाडाच्या पानांवर सारवायचं, उकडायचं, अलगद सोलायचं. नंदिनीची आई कोकणात अगदी अश्शाच फेण्या करायची.

पावणेदहा वाजले होते.

"पंधरा मिनिटं थांबा," नंदिनी म्हणाली. "मग मी स्वतः काढते."

"तक्रार आहे. बाहेर अन्न टांगलं की कबुतरं येतात. सहा घरांच्या सह्या आहेत."

"आणि डिसेंबरात तुमचे सांताक्लॉज दोरीला लोंबकळतात महिनाभर, ते चालतात?" रागाने तिचं जर्मन कोलमडलं. तिला पर्वा नव्हती. "नावं दाखवा. एकेकाच्या दारात जाऊन विचारते, माणसं आहात का म्हणून."

"सोड, नंदिनी," मारिविक म्हणाली. "आपल्याला इथेच राहायचंय."

"मुळीच सोडणार नाही. तोंडावर हसायचं, जिन्यात बाळाचे गाल ओढायचे आणि मागून हे. दाखवा तो कागद."

हाउसमाइस्टरने खिशातून कागद काढून तिच्या हातात दिला आणि पुन्हा कात्री चालवू लागला.

उर्जाने कागद खाली ओढला. पहिलीतली ती, नवं नवं वाचता येत होतं. दिसेल ते मोठ्याने वाचायची. बोट ठेवून तिने सुरुवात केली. "लिंडनर. होफमान. बेकर."

मग बोट थांबलं.

नंदिनीने पाहिलं. मंगळवारी लिंडनर आजी हाच कागद घेऊन दारात आल्या होत्या. कडेवर बाळ रडत होतं, गॅसवर दूध उतू जात होतं. त्यांच्या बोलण्यातला कबुतरं एवढा एकच शब्द कळला. 'या, या, गेनाऊ', हो हो, अगदी बरोबर, म्हणत तिने सही ठोकली होती, शेजाऱ्यांच्या पार्सलावर ठोकायची तशीच.

आत फोन वाजू लागला. मारिविक हलली नाही. रिकाम्या कठड्याकडे बघत तिने विचारलं, "वाच ना, उर्जा. पुढे कोण आहे?"

घरातसुद्धा जर्मनमध्येच उत्तरं देणारी उर्जा आईला बिलगली आणि हळूच मराठीत म्हणाली,

"आई, वाचू?"